कासवाला खाऊ दिलात, ऊन द्यायचं राहिलं

वाचकाचं पत्र:

"काका, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या सातव्या वाढदिवसाला माशांच्या दुकानातून एक कासव आणलं. तेव्हा ते दहा रुपयांच्या नाण्याएवढं होतं, आता माझ्या तळहातात मावतं. पाठ हिरवट, डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा. 'फार वाढत नाही, काही करावं लागत नाही,' असं दुकानदार म्हणाला होता. हॉलमध्ये काचेच्या भांड्यात ठेवतो. पाकिटातला सुका झिंगा, पोळीचा तुकडा, कधी भाताची शितं घालतो. डिसेंबर लागल्यापासून ते काही खात नाही. डोळे सुजून मिटलेत आणि पाठीची कड बोटाने दाबली तर दबते. मिस्टर म्हणतात, थंडीत कासवं झोपतातच. सासूबाई म्हणतात, घरात जीव जायला नको, गंगेत सोडून या. समोरचे एक गृहस्थ म्हणतात, 'हे खरं लाभाचं कासव नव्हेच, चांदण्यांचं घ्या, मी मिळवून देतो.' मुलगा शाळेतून आला की दप्तर ठेवायच्या आधी भांड्यापाशी जातो. काय करू?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी पोटात गोळा आला, कारण यातली एक चूक मी स्वतः केलेली आहे. ती पुढे सांगतो. आधी आज काय करायचं ते, कारण बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

तुमचं कासव झोपलेलं नाही, ते आजारी आहे. आजच्या आज त्याला ऊब द्या. एक उथळ टब घ्या आणि त्यात कोमट पाणी घाला. मान वर केली की नाक सहज पाण्याबाहेर राहील, एवढंच. पाण्यातलं जनावर असलं तरी अशक्त झालं की ते बुडून मरू शकतं. पाणी २६ ते २८ अंशांच्या आसपास हवं. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, माशांच्या दुकानात साधा थर्मामीटर मिळतो. गार पाण्यातून एकदम गरम पाण्यात टाकू नका, तासाभरात हळूहळू वाढवा. टबाच्या एका टोकाला एक सपाट दगड किंवा उलटी वीट ठेवा, म्हणजे चढून कोरडं बसता येईल. त्या जागेवर हातभर उंचीवरून जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब लावा, ६० वॉटचा पुरे. एलईडी लावू नका, तो उजेड देतो पण ऊब देत नाही. बल्ब पडून पाण्यात जाणार नाही, असा घट्ट बांधा.

आता खायला घालायचा आग्रह धरू नका. चोच उघडून कोंबण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. ही कासवं बघून खातात. डोळे मिटलेले असले की समोरचा घास त्यांना दिसतच नाही. आणि अंग गार असताना पोटात गेलेलं पचत नाही, आत सडतं.

मग डॉक्टर. उद्या नाही तर परवा, पण या आठवड्यात नक्की. नेण्याआधी फोन करून विचारा, 'तुम्ही कासवं तपासता का?' कुत्र्यामांजरांचे उत्तम डॉक्टर आपल्याकडे आहेत, पण सरपटणाऱ्या प्राण्यांचं शास्त्र वेगळं आहे, आणि चांगला डॉक्टर स्वतःच कुणाकडे जा ते सांगतो. एक गोष्ट कागदावर लिहून न्या: जंतांसाठी गुराढोरांना आणि कुत्र्यांना जे आयव्हरमेक्टिन देतात, ते कासवाला द्यायचं नाही. त्याला ते जीवघेणं ठरतं. डॉक्टरांना माहीत असेल तर ते रागावणार नाहीत, माहीत नसेल तर तुमचं कासव वाचेल. नेताना पाण्यात घालून नेऊ नका. खोक्यात ओला टॉवेल, शेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि झाकणाला चार भोकं.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. ते चुकीच्या जागी बरोबर आहेत, म्हणून जास्त धोक्याचं आहे. थंडीत कासवं निपचित पडतात हे खरंच आहे. मीही हेच वाचलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच लाल पट्ट्याचं पिल्लू होतं. डिसेंबरात त्याने खाणं सोडलं. मी कौतुकाने बुटांच्या खोक्यात चिंध्या अंथरल्या, त्याला आत ठेवलं आणि खोकं कपाटात सरकवलं. आता मार्चमध्ये उठेल, असं घरात सगळ्यांना सांगितलं. जानेवारीच्या मध्यावर वास आला म्हणून खोकं उघडलं. ते झोपेत गेलं असं मी पुष्कळ दिवस म्हणत होतो, पण ते खरं नव्हतं.

त्या झोपेचं असं आहे. या जातीचं मूळ घर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचं खोरं. तिथे वर्षभर खाऊन गुटगुटीत झालेलं मोठं कासव थंडीत तळ्याच्या बुडाशी जातं. तिथलं पाणी महिनोन् महिने एकसारखं गार असतं, त्यामुळे शरीर जवळजवळ थांबतं. नाशिकच्या फ्लॅटमध्ये तसं होत नाही. आपल्याकडे जानेवारीत दुपारी पंखा लावावासा वाटतो आणि पहाटे पारा दहाच्या खाली जातो. तिकडे निफाडला तर द्राक्षबागा वाचवायला शेतकरी बांधावर शेकोट्या पेटवतात. अशा हवेत कासव धड जागंही राहत नाही आणि धड झोपतही नाही. दुपारी जाग येते तेव्हा अंगातली शिदोरी खर्च होते, रात्री गारठा आला की पचन आणि प्रतिकारशक्ती बंद पडते. मग छातीत सर्दी उतरते. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, पोहताना एका कुशीवर कलणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.

पत्रात तुम्ही खाण्याबद्दल चार ओळी लिहिल्यात, पण उन्हाचा शब्दही नाही. माझ्या मते सगळं दुखणं तिथे आहे. आपल्या अंगात चूल पेटलेली असते. कासवाच्या अंगात ती नसते. भूक लागणं, खाल्लेलं पचणं, हाडं धरणं, आजाराशी लढणं, या सगळ्यासाठी लागणारी ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते. म्हणून नदीत ते तासन् तास ओंडक्यावर पाय ताणून पडलेलं दिसतं. लोकांना तो आळस वाटतो, पण तो त्याचा स्वयंपाक चाललेला असतो.

उन्हाचं दुसरं काम तुमच्या बोटाला लागलंच आहे. पाठीची कड दबते, हा कासवांचा मुडदूस. आपल्याकडे अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या मुलांचे पाय वाकायचे, तोच प्रकार. कासवाची पाठ म्हणजे वरून चढवलेला टोप नव्हे. बरगड्या आणि मणका पसरून ती झालेली असते. उन्हातले यूव्हीबी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, कातडीवर पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडात जाऊन बसतं. ऊन नसेल तर किलोभर कॅल्शियम घाला, उपयोग नाही. शरीर मग आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेतं.

तुम्ही म्हणाल, हॉलमध्ये खिडकीतून ऊन येतं की. इथेच बहुतेक घरं फसतात. खिडकीची काच उजेड आणि ऊब आत सोडते, यूव्हीबी जवळजवळ सगळे अडवते. म्हणजे काचेमागचं ऊन कासवाला उबवतं, पण त्याचं हाड धरत नाही. उलट, काचेचं भांडं उन्हात ठेवलं तर पाणी तापून कासव भाजून निघतं. तेव्हा भांडं उन्हात न्यायचं नाही, कासवाला न्यायचं. गॅलरीत रुंद टब ठेवा. अर्ध्यावर ऊन, अर्ध्यावर पाटाची किंवा फळीची सावली. थोडं पाणी आणि चढायला दगड. या दिवसांत साडेदहा-अकराच्या सुमाराला अर्धा तास, कारण सकाळी आठचं ऊन अजून बोचरं गार असतं. एप्रिल-मेमध्ये मात्र आठच्या आत आटपा, नाशिकचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. आणि तेवढा वेळ कुणीतरी शेजारी बसायचं. कावळे, घारी आणि मांजरं छोट्या कासवाला उचलतात, आणि गॅलरीच्या कडेवरून ही कासवं सरळ चालत खाली पडतात. त्यांना उंची कळत नाही.

इमारतीला उन्हाची बाजूच नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा यूव्हीबी दिवा घ्या. स्वस्त नाही, हे माहीत आहे. दिवा दिसायला लागत राहतो, पण त्यातले यूव्हीबी किरण हळूहळू कमी होत जातात, म्हणून डब्यावर लिहिलेल्या मुदतीत, साधारण ६ ते १२ महिन्यांत, तो बदलावा लागतो. मधे काच किंवा प्लास्टिक नको. तरी माझं मत विचाराल तर जिथे ऊन मिळतंय तिथे ऊनच द्या. आपल्या गावाला देवाने ते भरपूर दिलंय.

डोळ्यांचं कारण बहुधा खाण्यात आहे. सुका झिंगा कासव आवडीने खातं, पण नुसत्या त्याच्यावर वाढलेल्या पिल्लांना अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि पापण्या सुजतात. दुकानातून येणारी निम्मी पिल्लं याच वाटेने जातात, असं मला वर्षानुवर्षं बघून वाटतं. डॉक्टर डोळे तपासून ठरवतील. जीवनसत्त्वाचे थेंब किंवा इंजेक्शन स्वतःच्या मनाने देऊ नका. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते. डोळ्यांत माणसांचं औषधही नको, आणि मधही नको. कुणीतरी नक्की सुचवेल.

बरं झाल्यावर पोळी आणि भात बंद. त्याने पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. रोजचा पाया म्हणून पाण्यातल्या कासवांसाठी मिळणारे चांगल्या कंपनीचे दाणे घ्या. माशांचे नव्हेत. त्याच्या डोक्याएवढा घास, हे सोपं माप. वाढत्या वयात रोज, मोठं झाल्यावर एक दिवसाआड. जोडीला घरात निवडलेल्या भाजीतून चिमूटभर: मेथीची पानं, शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा, गाजर. लाल-केशरी भाजीतून त्याला हवं ते अ जीवनसत्त्वही मिळतं. पालक आणि चुका टाळा, त्यातलं आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. लहान असताना मांसाहार जास्त लागतो, वाढेल तसा पाला जास्त खातं. तेव्हा आठवड्यातून एखादी काट्यासकट छोटी मासळी किंवा गांडूळ चालेल. फक्त गांडूळ द्राक्षबागेतलं नको, तिथे फवारणी फार असते. त्याच कारणाने घरात पेटीभर द्राक्षं आली तरी हौसेने भरवू नका. साखर आणि औषध, दोन्ही त्याच्या कामाचं नाही. दूध तर नाहीच.

कॅल्शियमसाठी एक सोपी गोष्ट सांगतो. पंचवटीत किंवा मेन रोडकडे काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मागा. पक्षी पाळणारे पिंजऱ्यात अडकवतात तोच पांढरा, हलका तुकडा. त्याची कडक पाठ काढून टाका आणि मऊ भाग पाण्यात तरंगत ठेवा. कासव त्याला लागेल तेवढं कुरतडतं. खाणं नेहमी पाण्यातच द्या. पाण्यातल्या कासवांना कोरड्यावर घास गिळता येत नाही.

आता घर. काचेचं भांडं त्याला आता पुरणार नाही, आणि खरं सांगायचं तर कधीच पुरत नव्हतं. 'फार वाढत नाही' हे दुकानदाराचं वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की ऐकलं की राग येतो. या जातीचा नर वीसेक सेंटिमीटरपर्यंत वाढतो, मादी पंचवीस-तीसपर्यंत, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी. भांडं लहान म्हणून कासव लहान राहत नाही. ते खुरटतं आणि मरतं, आणि आपण म्हणतो, छोटीच जात होती. पाण्याचा ढोबळ हिशोब: पाठीच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला १५ लिटर. तुमचं आठ सेंटिमीटरचं असेल तर १२० लिटर. एवढी काचेची टाकी महाग पडते. त्यापेक्षा मोठा जाड प्लास्टिकचा टब घ्या, किंवा भंगारवाल्याकडून पाण्याची काळी टाकी आडवी कापून आणा आणि कडा घासून घ्या. दिसायला शोभेची नाही, पण कासवाला शोभेचं काही कळत नाही. पाणी इतकं खोल हवं की ते उताणं पडलं तर वळून सरळ होता यावं, आणि एक जागा पूर्ण कोरडी हवी. रंगीत बारीक खडे घालू नका, ती गिळतात आणि आतडं अडतं.

पाण्यात थंडीपुरता माशांच्या टाकीचा हीटर, १०० वॉटचा, आणि त्याभोवती जाळी. काचेचा हीटर कासव धडकून फोडतं. टबात हात घालण्याआधी बटण बंद, हा नियम मुलालाही शिकवा. रात्री लाइट जाते त्या दिवशी टबावर गोधडी टाका, हवेला फट ठेवून.

कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. फिल्टर घ्या, नाही तर दोन दिवसांनी निम्मं पाणी बदला, नवीन पाणी त्याच उबेचं. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, गुलाब झकास फुलतो. पण कोथिंबीर, पुदिना, जे कच्चं खाता त्याला नको. कारण कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासवाला त्यांचा त्रास होत नाही, माणसाला जुलाब-ताप होतो, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जास्त. याच कारणाने अमेरिकेत १९७५ सालापासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे, कारण लहान मुलं ती तोंडाजवळ नेत होती. घाबरून जायचं कारण नाही. हात लावला की साबणाने हात धुवायचे, पापा घ्यायचा नाही, आणि त्याचा टब स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुवायचा नाही. तेवढं पाळलं की पुरे.

आता सासूबाई. त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या बोलण्यात क्रूरता नाही हे मला कळतं. नाशिकच्या माणसासाठी गोदावरी म्हणजे गंगा, आणि गंगेच्या ओटीत घातलेला जीव सुखरूप, अशी त्यामागची भावना आहे. पण त्यांना दोन गोष्टी समजावून सांगा. एक, आजारी, डोळे मिटलेलं कासव जानेवारीच्या गार पाण्यात सोडणं म्हणजे त्याला मारणंच आहे, फक्त आपल्याला ते दिसणार नाही. दुसरी गोष्ट, ते निरोगी असतं तरी सोडायचं नव्हतंच. हे लाल पट्ट्याचं कासव भलतं चिवट आहे. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या प्रजातींची जी यादी निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आययूसीएन, ठेवते, त्यात त्याचं नाव आहे. युरोपियन युनियनने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. ते कुठेही गेलं की तिथल्या कासवांच्या उन्हाच्या जागा, खाणं, अंडी घालायच्या जागा बळकावतं, सोबत आपले रोग नेतं.

गोदावरीची आपली कासवं आहेत, ताई. मऊ पाठीची आहेत, चिखलात दडून राहणारी आहेत. रामकुंडावर सोडलेलं काहीही प्रवाहाबरोबर खाली जातं, आणि खाली निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे. महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारात महत्त्वाची म्हणून नोंदलेली, पाणथळ जागा, २०२० साली जाहीर झालेली. आपण तिथे हिवाळ्यात पक्षी बघायला जातो. त्या पाण्यात अमेरिकेचं कासव भरलं तर गंगेतल्या लेकरांच्या तोंडचा घास जाईल. सासूबाईंना हे याच शब्दांत सांगा, त्या ऐकतील. गंगापूर धरण, सोमेश्वरचा धबधबा, सोसायटीमागचा नाला, कुठलंच पाणी त्याला अपवाद नाही.

आणि कासवाची पूजा करायची असेल तर देवळात सभामंडपात दगडी कासव असतं, देव्हाऱ्यात पितळी ठेवता येतं. हळद-कुंकू त्याला. जिवंत कासवाच्या पाठीला कुंकू, तेल, रंग काहीच नको. त्या पाठीला संवेदना असते, स्पर्श कळतो. पुढे कधी तिच्यावरून पातळ पारदर्शक पापुद्रे सुटतील, ते वाढीचं लक्षण आहे. नखाने ओढून काढू नका.

समोरच्या गृहस्थांबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. ते ज्याला चांदण्यांचं म्हणतात ते स्टार कासव, काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या. ते जमिनीवरचं, कोरड्या गवताळ-काटेरी रानातलं कासव आहे, आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि स्टार कासव अनुसूची १ मध्ये गेलं, म्हणजे वाघ आहे त्याच यादीत. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. विकत घेतलं काय, भेट मिळालं काय, कायद्याला फरक पडत नाही. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय करारातही त्याच्या व्यापाराला सर्वांत कडक बंदी आहे. तुमचं लाल पट्ट्याचं कासव या देशाचं नाही, म्हणून त्याला हे संरक्षण नाही आणि म्हणूनच ते दुकानात उघड मिळतं. मराठीत आपण दोघांनाही कासवच म्हणतो, आणि या एका शब्दामुळे लोक एकाचा नियम दुसऱ्याला लावतात.

'लाभ' या शब्दासाठी ही कासवं रानातून पोत्यांत भरून काढली जातात. बरीचशी वाटेतच मरतात. लक्ष्मी अशा वाटेने कुणाच्या घरी येते, मला पटत नाही. त्या गृहस्थांना एवढंच सांगा: 'आम्हाला नको, आणि तुमच्याकडे असेल तर वन विभागाकडे द्या.' वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. ते नेऊन रानात सोडून या असं मात्र कुणाला सुचवू नका. कुठल्या रानातलं आहे हे माहीत नसताना सोडलेलं कासव मरतं किंवा तिथल्या कासवांना रोग देतं.

आणि 'एकटं आहे म्हणून जोडी आणा' असंही कुणी म्हणेल. नको. या कासवांना सोबतीची ओढ नसते, लहान जागेत ती एकमेकांच्या शेपट्या आणि पाय चावतात. ते नर की मादी हे अजून दोनेक वर्षांनी कळेल. पुढच्या पायांची नखं लांब आणि शेपूट जाड झाली तर नर. मादी निघाली तर नराशिवायही अंडी घालते. तेव्हा ती अस्वस्थ होऊन उकरायला लागते, तिला ओल्या वाळूचं घमेलं द्यायचं, नाही तर अंडी आत अडकतात. पण ते पुढचं.

आता तुमचा मुलगा. आपल्याकडे जुनी समजूत आहे, कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते. खरी कासवी अंडी मातीत पुरून निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. पण घरातल्या कासवाच्या बाबतीत त्या समजुतीत मला तथ्य दिसतं. कुत्रं कण्हतं, मांजर ओरडतं, कासव काहीच बोलत नाही. त्याचं दुखणं फक्त बघणाऱ्याला कळतं, आणि तुमच्या घरात रोज बघणारा एक जण आधीच आहे. त्याला एक वही द्या. दर रविवारी वजन. स्वयंपाकघरातला काटा नको, वेगळा छोटा डिजिटल काटा घ्या. शेजारी पाण्याचं तापमान, खाल्लं का, डोळे उघडले का. डॉक्टरांना या वहीचा तुमच्या माझ्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

त्याला खोटं सांगू नका. पाठ मऊ झालेलं आणि डोळे मिटलेलं पिल्लू वाचतंच असं नाही. वाचलं तर पाठ कडक व्हायला काही महिने लागतात, आणि आधी डोळे उघडतात. तो दिवस पहिल्यांदा त्यालाच दिसेल. आणि ते वाचलं, तर हेही त्याला आत्ताच सांगा की हे कासव नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं, कधी त्याहून जास्त जगतं. तो कॉलेजला पुण्याला गेला तरी हे इथे असेल, टबात.

एवढं झेपणार नाही असं घरात सगळ्यांना मनापासून वाटत असेल, तर त्यात कमीपणा नाही. पण मग गंगेचा रस्ता नको. आधी बरं करा, मग तुमच्या डॉक्टरांना विचारा, ज्यांच्याकडे अंगण, हौद आणि ऊन आहे असं एखादं घर त्यांच्या ओळखीत असतं.

तोवर आजचा बल्ब आणि थर्मामीटर. दुकानं नऊपर्यंत उघडी असतात.

तुमचा,
काका